बाराव्या हप्त्याची पावती

कोर्टाचा माणूस दुकानात शिरला तेव्हा मावशींच्या तोंडात तीन टाचण्या होत्या, म्हणून बिचाऱ्याला पहिली दोन वाक्यं तरी पुरी करता आली.

"शिलाईचं दुकान हेच ना? तुमच्या नावावर समन्स आहे, इथं सही करा."

मावशींनी टाचण्या एकेक करून उशीत टोचल्या, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि कागदाऐवजी त्या माणसाकडेच वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोर्टाचे ना तुम्ही? मग बाहीचं बटण कुठं सांडलं? लोकांच्या दारात न्याय घेऊन जायचं आणि बाही अशी लोंबकळती! हात पुढं करा."

बटण लागल्याशिवाय सही झाली नाही. मग त्या माणसानं वहीत वेळ लिहिण्यासाठी भिंतीकडे मान वर केली. "घड्याळ बरोबर आहे ना?"

"म्हणजे काय! माझ्या जावयानं दिलंय. लग्नाचं विचारायला आले तेव्हा पहिल्याच भेटीत काखेत मारून आले होते. अठरा वर्षं झाली, एक मिनिट मागं पडलेलं नाही. माणूसही तसाच आहे."

तो गेला आणि लेकीनं मशीन थांबवून कागद वाचायला घेतला. मावशींची शाळा दुसरीतच सुटली होती. जाड छापील अक्षरं त्या वाचू शकत, पण सरकारी मराठी त्यांना उसवलेल्या शिवणीसारखी वाटे, कुठून सुरू झाली आणि कुठं संपली काही कळत नसे. लेक वाचत गेली आणि मावशींचा आवाज चढत गेला. अठरा वर्षांपूर्वी बारा हप्त्यांवर घेतलेल्या फ्रीजचे पैसे थकले आहेत, ज्या दुकानातून तो घेतला ते बंद पडलं, त्याची जुनी येणी एका कंपनीनं विकत घेतली, आणि आता व्याज, दंड नि खर्च धरून ती कंपनी सत्तेचाळीस हजार मागते आहे.

"सत्तेचाळीस हजार!" मावशी ओरडल्या. "फ्रीज मरून सहा वर्षं झाली आणि व्याज अजून बाळसं धरतंय! अगं, मी हप्ता चुकवला? त्या वर्षी चहात साखर घातली नाही मी, पण पहिल्या तारखेला हप्ता तयार! आणि विकत घेतली म्हणजे काय? माझी अब्रू काय बाजारात वजनावर मिळते?"

"आई, तीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचंय. नाही दिलं तर त्यांचंच खरं धरून निकाल लावतील."

"देते ना उत्तर! असं देते की कंपनी फ्रीजचं नाव काढणार नाही."

तिसऱ्या दिवशी वकीलबाई आपला काळा कोट सैल करून घ्यायला आल्या. वकिलीत नवीन होत्या आणि नुकत्याच बाळंतपणातून उठल्या होत्या. कोट मात्र जुन्याच मापाचा राहिला होता. मावशींनी सौदा तिथल्या तिथं पक्का केला. कोटाची शिलाई घ्यायची नाही, वकिलीची फी द्यायची नाही.

वकीलबाईंनी कागद वाचला आणि हसल्या. "मावशी, हे तर दोन ओळींचं काम आहे. असल्या पैशाचा दावा लावायला कायद्यानं मुदत ठरवलेली असते. ती केव्हाच उलटून गेली. कैफियतीत, म्हणजे लेखी उत्तरात, लिहू, दावा मुदतबाह्य आहे. संपलं."

"मुदतबाह्य म्हणजे?"

"म्हणजे फार जुनं झालं. आता मागता येत नाही."

मावशींच्या हातातली कात्री हवेतच राहिली. "म्हणजे मी बुडवलं होतं, पण बुडवून बरेच दिवस झाले म्हणून सोडून द्या, असं?"

"तसं नाही हो. कायद्यात तसा अर्थ..."

"कायद्यात नसेल, गल्लीत हाच अर्थ होतो. चोरी जुनी झाली म्हणून चोर साव होतो का गं? मी पैसे दिलेत! हेच लिहायचं. दिले, आणि पावत्यांसकट दिले."

"मग पावत्या दाखवा."

इथं मात्र मावशी गप्प बसल्या. गप्प बसणं त्यांना सवयीचं नसल्यामुळे त्यांना लगेच ठसका लागला.

पावत्या होत्या, नक्की होत्या. त्यांनी स्वतःच्या हातानं जपून ठेवल्या होत्या. कुठं, एवढंच आठवत नव्हतं.

संध्याकाळी जावई आले. स्वभाव इतका मवाळ की चहा गार मिळाला तरी आभार मानतील. चपलांच्या कारखान्यात हिशेबनीस होते. पण अठरा वर्षांपूर्वी ते त्याच फ्रीजवाल्या दुकानाचे वसुलीवाले होते. काखेत कातडी बॅग अडकवून दर महिन्याला हप्ता न्यायला यायचे. हप्ता काउंटरवर मिळायचा, नजर मात्र आतल्या मशीनवर बसलेल्या मुलीकडे असायची. त्या घरातला फ्रीज आणि जावई एकाच वर्षी आले, असं गल्लीत अजूनही म्हणतात.

"बरं झालं आलात, जावईबापू!" मावशी म्हणाल्या. "हप्ते तुम्हीच नेत होता. चला कोर्टात आणि सांगा छाती ठोकून, माझ्या सासूनं सगळे पैसे दिलेत."

जावयांनी छाती ठोकली नाही. छातीवरचा घाम पुसला. "आई, अठरा वर्षं झाली हो. मला नीटसं... आणि जावयाची साक्ष कोर्ट मनावर घेत नाही म्हणतात. वकीलबाई म्हणतात तेच लिहून टाका ना. मुदतबाह्य. छान शब्द आहे."

"तुम्हीही तेच? तुमच्या सासूला कुणी बुडवी म्हटलं तर तुमचं रक्त उकळत नाही?"

"उकळतं ना," जावई क्षीण आवाजात म्हणाले आणि पाणी प्यायले.

मग शोध सुरू झाला. माळा रिकामा केला. कपाट भिंतीपासून ओढलं, तर मागून चौदा बॉबिनी, एक दात आणि लेकीचं चौथीचं प्रगतीपुस्तक निघालं. त्यातले गणिताचे गुण पाहून मावशींनी चाळिशीतल्या लेकीला उभ्याउभ्या झापलं. गादी उसवून पाहिली, पुन्हा शिवली. त्या पसाऱ्यात एका नवरीचा झगा दिसेनासा झाला. तो शोधताना शेजारच्या घड्याळजीची शिवून ठेवलेली पँट कुणा भलत्याच गिऱ्हाइकाला दिली गेली. नवरीची आई येऊन भांडली. मावशींनी तिलाही ऐकवलं, "तुमचं लग्न पुढच्या महिन्यात आहे, माझा खटला या शुक्रवारी आहे! आधी कुणाची अब्रू झाकायची?"

एवढ्यावर भागेना म्हणून त्यांनी कंपनीला फोन लावला. तिकडून मधात घोळवलेला आवाज आला. "बाई, तुमची नियत साफ आहे हे आम्हाला कळतं. विश्वासाखातर फक्त पाचशे पाठवा, बाकीचं आपण बघू."

मावशी खवळून म्हणाल्या, "पाचशे काय, हजार तोंडावर मारते! माझी नियत काढता?" आणि त्या पैसे पाठवायलाच निघाल्या. नशीब की वकीलबाई कोट घालून बघायला आत उभ्या होत्या. एका बाहीनिशी त्या बाहेर धावल्या.

"मावशी, एक दमडी देऊ नका! काही दिलंत, काही लिहून दिलंत, तर मेलेला दावा पुन्हा उठून बसेल. त्यासाठीच तर मागताहेत!"

मावशी फोन ठेवून खाली बसल्या. "काय जमाना आला. घेतलेलं फेडणारी मी, तर मीच अडकणार. आणि न देणारा मोकळा."

जावई हल्ली रोजच येत होते. कारखान्यातून सुटले की थेट दुकानात. शोधायला मदत करायचे. जिथं शोधून झालंय तिथं पुन्हा शोधायचे, एवढंच. फक्त मेलेल्या फ्रीजजवळ कुणी गेलं की आडवे येत.

तो फ्रीज अजून कोपऱ्यात उभा होता. गार करायचं काम सुटलं होतं, पण दार घट्ट बसायचं, म्हणून मावशींनी त्याला कपाट केलं होतं. उंदीर, झुरळं, ओल, काही आत शिरत नसे. आत त्यांचा खरा खजिना होता, गिऱ्हाइकांच्या मापाचे कागदी नमुने. मावशी एकदा कापलेला नमुना कधी टाकत नसत. हाताला लागेल तो कागद चिकटवून नमुना कापायच्या, आणि नावं लिहायचा कंटाळा म्हणून वर चित्र काढायच्या. मास्तरांच्या नमुन्यावर छत्री, डॉक्टरांच्या नमुन्यावर सुई, आणि नाव घेऊ नये अशा एका गिऱ्हाइकाच्या नमुन्यावर बोका.

शुक्रवार उजाडला. कैफियत पाच वाजेपर्यंत द्यायची होती. साडेतीनला वकीलबाई तयार कोट न्यायला आल्या. "मावशी, पावत्या नाहीत, तर मुदतबाह्य लिहू का? वेळ नाही आता."

"थांब. आधी कोट घालून दाखव. माझ्या हातचा कोट घालून माझीच फजिती करायला जाणार, निदान फिटिंग तरी बरोबर असू दे." मावशींनी मान कलती करून पाहिलं. "पाठीत चुणी पडतेय. मागं मी एका कोटाची पाठ मस्त बसवली होती. त्याचा नमुना काढते. बाजूला व्हा, जावईबापू."

"फ्रीजमध्ये काय असणार, आई? जुनेपाने कागद..."

"बाजूला व्हा म्हणते ना!"

त्यांनी दार ओढलं, वरून चौथी गुंडाळी काढली आणि मेजावर पसरली. नमुन्यावर बॅगेचं चित्र होतं. कोटाची पाठ, दोन बाह्या, कॉलर, खिसा. आणि कागद कसला, तर गुलाबी. ठिकठिकाणी दुकानाचा शिक्का, तारीख, रक्कम, वसुली करणाऱ्याची सही.

"पावत्या!" लेक किंचाळली. "आई, तू पावत्या चिकटवून ह्यांच्या कोटाचा नमुना कापलास!"

"मग? जपून ठेवल्या होत्या म्हणत होते ना मी! चांगला कडक कागद होता." मावशींची छाती तीन इंच फुगली. "मोज, वकीलबाई. पाठीपासून मोज. आणि मग लिही, असं लिही की कंपनीला घाम फुटला पाहिजे!"

वकीलबाईंनी मोजलं. पाठीत पाच, बाह्यांत चार, कॉलरला एक, खिशाला एक. "अकरा. बारावी कुठाय?"

पुन्हा मोजलं. अकराच. जावई घाईघाईनं नमुना गुंडाळू लागले.

मावशींनी नमुन्यावरच्या बॅगेकडे पाहिलं. मग जावयांकडे पाहिलं. अठरा वर्षांपूर्वीची ती पहिली तारीख एकदम त्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. पैसे मोजून दिले होते. वसुलीवाला खाली बघत म्हणाला होता, "पावतीपुस्तक संपलंय, उद्या देतो." आणि दुसऱ्या दिवशी तो पावती घेऊन आला नव्हता. तो आईला घेऊन आला होता, मुलीला मागणी घालायला. काखेत बॅगेऐवजी घड्याळाचं खोकं होतं.

"पोरी, तू वर जाऊन चहा टाक," मावशी लेकीला म्हणाल्या. "वकीलबाई, तू पडद्यामागं जाऊन कोट उतरव, चुणी काढते."

दोघी गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज जावयांनी लग्नानंतर प्रथमच ऐकला.

"किती रुपयांचं होतं ते घड्याळ?"

"हप्त्याएवढंच," जावई म्हणाले. "रिकाम्या हातानं कसं यायचं, आई? पगार व्हायचा होता. वाटलं, पुढच्या महिन्यात माझ्या खिशातून भरीन. मग लग्नाची गडबड... मग दुकानच बंद पडलं. तेव्हा भरायचं तरी कुणाकडं? माझ्या लग्नाच्या कोटाच्या नमुन्याला तुम्ही पावत्या कापल्यात, ते मी पाहिलं होतं. तिला ठाऊक नाही, आई. ती अजून सगळ्यांना सांगते, ह्यांनी स्वतःच्या पगारातून..."

मावशींनी मान वर करून घड्याळाकडे पाहिलं. अठरा वर्षं ज्याच्याकडे पाहून त्या गल्लीला ऐकवत होत्या ते घड्याळ, त्यांच्याच पैशाचं, त्यांनाच भेट दिलेलं. पावणेचार वाजत होते. एक मिनिट मागं नव्हतं मेलं.

वकीलबाई पडद्याबाहेर आल्या. "मावशी, अकरा पावत्या तरी जोडू या का? बरंच काम होईल."

"नको. अकरा जोडल्या की बारावी मागतील. आणि मग पैसे नेणाऱ्याला पिंजऱ्यात बोलावतील."

"मग काय लिहू?"

मावशींनी नाक असं दाबून धरलं, जणू कडू औषध घ्यायचंय. "लिही तुझं ते. जुनं झालं म्हणून."

"पण तुम्हीच म्हणालात, चोरी जुनी झाली म्हणून चोर..."

"पोरी, मी दुसरी शिकलेली. तू वकील. मला कायदा शिकवू नको, लिही!"

कागद पाचला दहा मिनिटं कमी असताना कोर्टात पोचला. पुढे कंपनीचा वकील तारखेला आलाच नाही आणि दावा दोन मिनिटांत निकालात निघाला. लेकीनं आनंदानं विचारलं, "म्हणजे आता सगळं मिटलं ना, आई?"

"कोर्टात मिटलं," मावशी म्हणाल्या आणि जावयांकडे वळल्या. "आमच्याकडं मुदत नसते, जावईबापू. रविवारी सकाळी आठला या. काजं-बटणं करायला माणूस हवाय. बारा रविवार."

नवऱ्याला एकदम शिवणाची हौस कशी लागली हे लेकीला आजतागायत कळलेलं नाही. ते मान खाली घालून काजं करत, बोटं टोचून घेत, आणि दर रविवारी निघताना मावशी त्यांना खाकी कागदाचा एक तुकडा देत. त्यावर बॅगेचं चित्र, खाली बटणाचं चित्र आणि त्यांची वेडीवाकडी सही. अशा अकरा पावत्या जावयांनी पाकिटात जपून ठेवल्या आहेत.

बाराव्या रविवारी शेवटचं बटण लावून त्यांनी हात पुढं केला. मावशींनी तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या, उशीत टोचल्या आणि घड्याळाकडे बघत म्हणाल्या,

"पावतीपुस्तक संपलंय. उद्या देते."