सासऱ्यांची गाडी आणि दोघांचं एकमत

गाड्यांमधलं मला सगळं कळतं! ही फुशारकी नाही. जुन्या, गंजलेल्या, भंगारात टाकलेल्या गाड्या पुन्हा नव्याकोऱ्या करून दाखवणारे टीव्हीवर जेवढे म्हणून कार्यक्रम आहेत, ते सगळे मी पाहिलेत आणि त्यातल्या प्रत्येक मेकॅनिकला सोफ्यावरून सल्ला दिलाय. त्याने तो ऐकला नाही, हा त्याचा तोटा. माझी नोकरी छापखान्यात, मुद्रितं तपासण्याची. दुसऱ्यांच्या चुका काढायचा मला पगार मिळतो. शनिवारी तेच काम मी फुकट करतो.

शनिवारी आमची बैठक असते. सोफ्याच्या एका टोकाला मूळपुरुष. हा दातांचा डॉक्टर, पण नाव पडलं ते त्याच्या मतांमुळे. "गाडीतली एकही मूळ वस्तू काढायची नाही! गंजसुद्धा नाही! गंज हा गाडीचा इतिहास आहे!" आठवडाभर लोकांचे मूळ दात उपटून आलेला माणूस हे बोलतो, तेव्हा ऐकणाऱ्याने आपली जीभ चावावी. दुसऱ्या टोकाला चकाचक. त्याचं फरशांचं दुकान. "इतिहास घासून काढा रे! बॉनेटमध्ये बघून भांग पाडता आला पाहिजे!" या दोघांचं पंखा किती वेगात ठेवावा यावरही कधी एकमत झालेलं नाही. मी मधे बसतो.

माझं मत तिसरंच. रंग, इंजिन, चाकं, सगळं ठीक आहे, पण खरा कार्यक्रम म्हणजे शेवट! गाडीवरची चादर ओढली जाते, मालक तोंडावर हात धरतो आणि घळाघळा रडतो. मालक रडला नाही, तर गाडी दुरुस्त झाली असं मी मानतच नाही.

आता सासऱ्यांच्या गाडीकडे येतो. सासरे म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे निवृत्त मास्तर. निवृत्त होताना त्यांनी स्कूलची एक जुनी गाडी घरी आणली. मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक असलेली. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर गाडी सासूबाई चालवतात आणि सासरे शेजारी बसतात, पाय त्या ब्रेकवर ठेवून. मी जावई झाल्याला पंधरा वर्षं झाली. तेवढ्या काळात ही गाडी मी एकदाच चालवली. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत. तेवढ्या अंतरात सासऱ्यांनी इतके ब्रेक मारले, की माझ्या कपाळाची आणि पुढच्या काचेची चांगली ओळख झाली. मग म्हणाले, "जावईबापू, तुम्ही मागे बसा." तेव्हापासून मी मागे, छत्री आणि भाजीच्या पिशवीच्या मधे. त्या गाडीचं स्टिअरिंग सासऱ्यांनी आपण होऊन माझ्या हातात द्यावं, एवढी एकच महत्त्वाकांक्षा माझ्या आयुष्यात उरली होती.

आणि संधी चालून आली! दोघं धाकट्या मुलीकडे आठवडाभर राहायला निघाली. सासऱ्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, पण सोडली नाही.

"रोज सकाळी इंजिन सुरू करायचं, थोडा वेळ चालू ठेवायचं, बंद करायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही."

"छे छे, बाबा! भलतंच काय!" मी म्हणालो. आणि म्हणता म्हणता मनातल्या मनात चादरीचा रंगही ठरवून टाकला.

"बाबांना विचारलंस?" बायको म्हणाली.

"विचारलं तर सरप्राइज कसलं?"

"आणि तुला यातलं येतं काय?"

"अगं, मी सगळ्या कार्यक्रमांचे सगळे भाग पाहिलेत!"

"पोहण्याच्या स्पर्धाही सगळ्या बघतोस. पण गुडघाभर पाण्यात माझा हात सोडत नाहीस!"

मोठ्या कामात घरच्यांकडे लक्ष द्यायचं नसतं. आम्ही तिघं सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये घुसलो.

टीव्हीवर अख्खं इंजिन दोन मिनिटांत बाहेर येतं, तेही संगीताच्या तालावर. आम्हाला पुढच्या सीटचा एक बोल्ट काढायला सकाळ गेली आणि संगीत म्हणून चकाचकच्या शिव्या! टीव्हीवर जाहिरातीच्या आधी एक भांडण ठरलेलं असतं. आमच्याकडे जाहिराती नव्हत्या, म्हणून भांडण थांबेचना.

सीट निघाली, खालची चटई निघाली आणि सासऱ्यांच्या पायाखालचा पत्रा दिसला. गंजून त्याची जाळी झाली होती.

"हात लावायचा नाही!" मूळपुरुष ओरडला. "कारखान्यातला मूळ पत्रा आहे हा!"

"पत्रा? अरे, चहा गाळता येईल यातून!"

अशा वेळी मधे बसणाऱ्या माणसाचं महत्त्व कळतं. मी तोडगा काढला. पत्रा तसाच ठेवायचा आणि त्यावर चकाचकच्या दुकानातलं गुबगुबीत लाल कार्पेट टाकायचं. इतिहासही राहिला, झगमगाटही झाला! माझ्या हुशारीवर मीच खूश होऊन सगळ्यांसाठी चहा मागवला.

मग आला तो ब्रेक.

"हा कंपनीने दिलेला नाही," मूळपुरुष नाक मुरडत म्हणाला. "नंतर बसवलाय. उपरा आहे हा!"

"आणि दिसतो किती ओबडधोबड!" चकाचक म्हणाला. "याच्यासाठी माझ्या कार्पेटला भोक पाडू?"

मी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. एकमत! ज्यांचं पंख्यावर एकमत होत नाही, त्यांचं ब्रेकवर झालं होतं! असा योग पुन्हा येणार नव्हता. मी भारावून पाना पुढे केला. खोटं कशाला बोलू, तो ब्रेक नसेल तर माझं कपाळ सुरक्षित राहील, हाही विचार मनात होताच. चालवणाऱ्याचा ब्रेक मात्र आम्ही शाबूत ठेवला. आम्ही मूर्ख आहोत, खुनी नाही.

सासू-सासरे परतले, तेव्हा फाटकाशी गाडी उभी होती. तिच्यावर बायकोची नवी डबल बेडची चादर. मूळपुरुष मोबाइलवर चित्रीकरण करत होता. मी मोठ्या थाटात चादर ओढली. चादर आली, आणि तिच्याबरोबर वायपरही आला!

"मूळ वायपर होता तो!" मूळपुरुष कळवळला.

सासरे गाडीजवळ आले. चकाचकने फरशांच्या पॉलिशने घासलेल्या दारात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. ते बघत राहिले आणि त्यांचे डोळे पाणावले. मी चकाचकला कोपराने ढोसलं. "रडतायत!"

"पॉलिशचा वास फार उग्र आहे हो," सासरे डोळे पुसत म्हणाले. "बघू तरी चालते कशी. जावईबापू, तुम्ही एवढी मेहनत घेतलीत, तर आज तुम्हीच बसा चाकावर."

पंधरा वर्षं! मी शर्टाला हात पुसले आणि चाकावर बसलो. सासूबाई हौसेने मागे बसल्या, छत्री आणि पिशवीच्या मधे. सासरे शेजारी. फाटक ओलांडलं, गाडी लोण्यासारखी निघाली आणि कोपरा आला.

कोपरा आला की सासरे ब्रेक मारतात. हयातभराची सवय! त्यांनी सगळी ताकद लावून पाय दाबला. ब्रेक नव्हता. कार्पेट होतं. कार्पेटखाली इतिहास होता. कार्पेट सरकलं, इतिहासाने कर्र्र असा आवाज केला आणि सासऱ्यांचा पाय पोटरीपर्यंत खाली गेला!

मी घाबरून माझा ब्रेक दाबला. गाडी थांबली. कपाळ आणि काच, जुने स्नेही, पुन्हा भेटले.

"जावईबापू," सासरे अगदी शांतपणे म्हणाले, "माझा ब्रेक कुठे आहे?"

"गॅरेजमध्ये आहे, बाबा. खोक्यात."

"बरं. आणि माझा पाय?"

"अहो, रस्त्यावर!" मागून सासूबाई हसू दाबत म्हणाल्या. "गाडी पायाने थांबवलीत तुम्ही!"

दोघं तज्ज्ञ धावत आले. "पत्रा वाकवू नका!" एक ओरडला. "आधी कार्पेट सांभाळा!" दुसरा. शेवटी मूळपुरुषाचा धंदा कामी आला. त्याने मोबाइल चकाचककडे दिला, पाय दोन्ही हातांनी धरला, अक्कलदाढेसारखा हलवून हलवून सैल केला आणि उपटून काढला. बूट तेवढा खाली रस्त्यावर राहिला. नशीब, कातडी बूट आणि जाड मोजा होता म्हणून साधं खरचटण्यावर भागलं.

सासरे एका मोज्यावर फुटपाथच्या कडेला बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"त्या ब्रेकवर पाय ठेवून मी निम्म्या शहराला गाडी शिकवली," ते म्हणाले. "हिलासुद्धा. आता मला नीट दिसत नाही, गाडी हीच चालवते. पण तो ब्रेक पायाखाली असला ना, की वाटतं, अजून मीपण चालवतोय."

मला भयंकर लाज वाटली. त्यांची गाडी नवी करायच्या नादात मी त्यांच्या हातातली उरलीसुरली गाडीच काढून घेतली होती! तिथेच, भर रस्त्यात, मला रडू कोसळलं. मूळपुरुषाचा मोबाइल अजून चालूच होता. म्हणजे नियमाप्रमाणे शेवटी कुणीतरी रडलं, फक्त माणूस चुकला.

दुसऱ्याच दिवशी मी गाडी वर्कशॉपमध्ये नेली. खाली नवा पत्रा जोडून घेतला, ब्रेक जागच्या जागी बसवून घेतला आणि कार्पेटला भोक मी स्वतः पाडलं. सासऱ्यांनी पाय ठेवून पाहिला, दोनदा दाबला आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला, की चकाचकच्या पॉलिशनेही मान खाली घातली असती.

आणि सांगायला आनंद वाटतो, की आता दर रविवारी गाडी मी चालवतो! हो, मीच! सासऱ्यांनी आपण होऊन सांगितलं. "चूक कबूल करणारा माणूस शिकू शकतो," म्हणाले, आणि माळ्यावरून स्कूलच्या दोन जुन्या पाट्या काढून आणल्या. शिकाऊ चालकाच्या. लाल अक्षराच्या. एक पुढे लावली, एक मागे.

"बाबा, माझ्याकडे लायसन्स आहे! लग्नाच्या आधीपासून!"

"असेल. कोणी दिलं, ते मला माहीत नाही."

परवाच्या शनिवारी मी दोघा तज्ज्ञांना मुद्दाम गाडीपाशी घेऊन गेलो. म्हटलं, "हे बघा, या पाट्या काही कंपनीने दिलेल्या नाहीत. आणि एवढ्या चकचकीत गाडीवर कळकट दिसतात. तज्ज्ञ म्हणून सासऱ्यांना तुम्हीच सांगा, काढून टाकूया की नको?"

दोघांनी गाडीला फेरी मारली. वाकून पाट्या पाहिल्या. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.

"राहू देत," मूळपुरुष म्हणाला.

"शोभतायत," चकाचक म्हणाला.

आजवर त्यांचं एकमत दोनदाच झालंय. पहिल्या वेळी ते चुकले होते, एवढंच मी स्वतःला सांगत असतो.