हवालदार आप्पांचं कोरियन

आमच्या शेजारचे हवालदार आप्पा रोज सकाळी दात घासून झाले की परसातल्या सीताफळीच्या झाडासमोर उभे राहायचे आणि त्याला कोरियन भाषेत विचारायचे, "जेवलीस का?" तेही हळू नाही. कवायतीच्या मैदानावर तयार झालेला आवाज तो. पत्र्यावरची कबुतरं उडायची आणि भिंतीच्या अलीकडे दाढी करताना मी दचकायचो. झाड काही बोलायचं नाही. आप्पा जरा थांबायचे, मान हलवायचे आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचे.

मी मलकापुरात नवीन होतो. संस्थेने माझी बदली कराडच्या हायस्कुलात केली आणि जवळच म्हणून मी मलकापुरात खोली घेतली. चहाच्या टपरीवर पहिल्याच आठवड्यात कानावर आलं, "आक्का गेल्यापास्नं आप्पा जरा सरकल्यात. झाडाला कोरियनमदी जेवान इचारत्यात." आक्का म्हणजे त्यांची बायको. मी येण्याच्या दोनेक महिने आधी त्या वारल्या होत्या. मीही मनातल्या मनात मान डोलावली. झाडाला जेवण विचारणाऱ्या माणसाबद्दल आणखी काय वाटणार?

एका रविवारी भिंतीवरून हाक आली. "आवं मास्तर, तुमी इंग्रजी शिकवता न्हवं?"

"हो."

"मग कोरियन शिकाय चांगलं काय मिळतंय, बघा की."

इंग्रजी शिकवणाऱ्याला कोरियनमधलं कळतं, हा हिशेब त्यांनी कसा मांडला ते तेच जाणोत. पण मला नाही म्हणता येत नाही आणि कौतुक केलेलं आवडतं. मी भिंतीपलीकडे गेलो तो वर्षभर जातच राहिलो.

कारण आप्पांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मुलगा विजय कोरियात जहाजांच्या कारखान्यात इंजिनिअर. त्याने तिथलीच मुलगी केली. नाव सूजिन. लग्नात भावकीतल्या बायकांनी तांदळावर 'सुजाता' लिहून तो प्रश्न त्यांच्यापुरता मिटवला होता. आक्कांच्या वेळी ती आली, तेराव्यापर्यंत राहिली आणि गेली. "तवा तिला कुणी जेवलीस का म्हणून इचारलं न्हाई, मास्तर. मीबी न्हाई. आता वर्षश्राद्धाला ती येणार. तवा माझ्या तोंडानं इचारायचंय. फोनवर कानावर पडलंय तसं झाडाम्होरं घोकतोय, पर बराबर हाय का न्हाई कळंना."

एवढंच? मला हसू आलं. मी खिशातून फोन काढला, मराठीत बोललो आणि फोनने गोड बायकी आवाजात कोरियन म्हणून दाखवलं. झालं की काम, अशा चेहऱ्याने मी बघितलं.

"हे फोननं इचारलं," आप्पा म्हणाले. "मी कुठं इचारलं?"

"मग विजयला विचारून घ्या. तो शिकवेल."

"त्ये म्हणतंय, आप्पा, मी सांगतो की तिला. म्हंजे मधी माणूस आलाच. सासऱ्यानं सुनंला जेवान इचारायचं आन् मधी माणूस? लय वंगाळ दिसतंय त्ये."

आता आप्पांची परीक्षा घ्यायची पद्धत सांगायला हवी. फौजेत त्यांची सगळी नोकरी रेशनच्या गोदामात गेली. ट्रक आला की पोत्यात लोखंडी नळी खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, तळहातावर घ्यायचे, वास घ्यायचा, दाताखाली फोडायचे. मग पास किंवा नापास. मधलं काही नाही. "सॅम्पल काढा," हे त्यांचं पेटंट वाक्य. भाजीवाली असो, डॉक्टर असो की देवळातलं कीर्तन असो, आप्पा सॅम्पल काढायचे. आणि एक अभिमान ते वरचेवर सांगायचे. "आख्ख्या नोकरीत माझ्या गोदामावरचा एक जवान उपाशी ऱ्हायला न्हाई. बरफ पडू दे, रस्ता तुटू दे."

कोरियनचंही त्यांनी तसंच केलं. पुस्तक असो, ॲप असो, व्हिडिओ असो, सॅम्पल एकच. त्यात 'जेवलीस का' सापडतं का?

पहिलं एक ॲप उतरवलं. त्यात धडा पुरा केला की एक कासव टाळ्या वाजवायचं. आप्पांना कासव आवडलं, धडे आवडले नाहीत. "हे सफरचंद आहे," असं ॲपने शिकवल्यावर ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, आयुष्यात मी कुणाला हे सफरचंद हाय म्हणून सांगितलेलं न्हाई. म्होरच्याला दिसतंय की." पुढच्या धड्यात भुयारी रेल्वेचं स्टेशन कुठे आहे ते विचारायचं होतं. "मलकापुरात कवा आली भुयारी रेल्वे?" त्यानंतर ते मी विद्यार्थी आहे, मी विद्यार्थी आहे असं घोकायला लावू लागलं, तेव्हा आप्पांनी नापासचा शेरा मारला. दुपारी कासवाने आठवण करून दिली की आज तुम्ही सराव केला नाही. आप्पा फोनकडे बघून म्हणाले, "लय त्वांड हाय ह्याला."

मग मालिका झाल्या. कुणीतरी सांगितलं की मालिका बघून भाषा येते. आप्पांनी जुन्या राजेरजवाड्यांची एक मालिका धरली, कारण तिच्यात तलवारी होत्या. बरेच दिवस ते तिच्यात रमले. पण त्यातली माणसं एकमेकांना जेवण विचारण्याऐवजी विष घालायची. "ह्यो माल आपल्या कामाचा न्हाई," म्हणत त्यांनी तीही परत केली. तरी शेवट मात्र बघून घेतला.

एक ऑनलाइन वर्गही लावून पाहिला. पडद्यावर सगळ्या कॉलेजच्या पोरी, कोरियन गाणाऱ्या पोरांवर जीव टाकणाऱ्या, आणि मधल्या एका चौकटीत फेटा बांधलेले आप्पा. का शिकताय असं बाईंनी प्रत्येकाला विचारलं. पोरींनी गाणी सांगितली, आप्पांनी सून सांगितली. त्या पोरी आप्पांच्या इतक्या प्रेमात पडल्या की पुढचा सगळा तास त्यांनाच प्रश्न विचारण्यात गेला. शिकणं काही झालं नाही. "पोरी गुणी हायत, पर वर्ग नापास," आप्पा म्हणाले.

लिपी मात्र पहिल्याच भेटीत पास झाली. कोरियन अक्षरं म्हणजे काठ्या आणि गोळे, एकेका चौकोनात बसवलेले. आप्पा खूश. "बघा, एकबी अक्षर रांग सोडून उभं न्हाई. शिस्त हाय गड्या!" त्यांनी आठवडाभरात ती घोटली आणि घरातल्या वस्तूंवर खडूने नावं लिहीत सुटले. दारावर दार, पाण्याच्या टाकीवर पाणी. दूधवाला यायचा तेव्हा दारावरचं ते लिखाण बघून नमस्कार करायचा. त्याला कुठला तरी मंत्र वाटला होता. आप्पांनी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

शेवटी हिंदीतून कोरियन शिकवणाऱ्या एका मुलीचे व्हिडिओ सापडले आणि त्यांत तो प्रश्न होता. "पाब मॉगॉस्सॉ?" ती हसत म्हणाली की तिकडे माणसं भेटली की कसे आहात म्हणायच्या ऐवजी पुष्कळदा हेच विचारतात, जेवलात का. आप्पांनी व्हिडिओ थांबवला. मग म्हणाले, "म्हंजे आपल्यासारखीच हायत की माणसं." व्हिडिओ पास झाला आणि दुसऱ्या दिवसापासून सीताफळीला नव्या, शुद्ध उच्चारात विचारणा सुरू झाली.

मी मात्र मास्तर माणूस, मला अभ्यासक्रमातली भोकं दिसतात. "आप्पा, नुसतं विचारायला शिकून कसं चालेल? ती काही बोलली तर कळायला नको?"

"जेवलीस का म्हणल्यावर उत्तरं दोनच. व्हय न्हाईतर न्हाई. त्यात काय कळायचंय?"

"तरी ऐकायचा सराव..."

"आदी प्रश्न पास हू दे. उत्तराचं मागनं बघू."

सरावासाठी मग मलाच सून व्हावं लागलं. ओट्यावर मी मांडी घालून बसायचो, समोर रिकामं ताट, आणि आप्पा आतून येऊन मला विचारायचे. मी मान खाली घालायची, असा त्यांचा हुकूम होता. एकदा शाळेच्या मुख्याध्यापकांनी रस्त्यावरून जाताना हा प्रकार बघितला. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही, पण नंतर ते माझ्याशी जरा जपूनच बोलू लागले.

त्या दिवाळीत मी पुण्याहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं. धड्यांच्या मधे मधे तिकडच्या चालीरीतींची पानं होती. आप्पांना सॅम्पल म्हणून मी जेवणाचं पान उघडलं आणि ओट्यावर बसून मराठीत सांगत गेलो. भाताला चमचा, भाजीला काड्या. काड्या भातात उभ्या खुपसू नयेत. पुढे लिहिलं होतं, ताटावर बसल्यावर घरातल्या वडीलधाऱ्याने चमचा उचलेपर्यंत धाकट्यांनी अन्नाला हात लावायचा नाही.

"पुन्हा वाचा," आप्पा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. ते उठले, चपला न घालताच परसात गेले आणि तिथेच उभे राहिले. मी हाक मारली तर हातानेच जा म्हणाले.

पुढे बरेच दिवस सकाळी आवाज आला नाही. कबुतरं पत्र्यावर निवांत बसून राहायची. दाढी करताना गाल एकदाही कापला नाही आणि मला ते अजिबात आवडलं नाही. शेवटी मीच भिंत ओलांडून गेलो. आप्पा ओट्यावर बसले होते, पुस्तक शेजारी मिटून ठेवलेलं.

"मास्तर," ते म्हणाले, "आक्का गेली तवा भावकीतनं डबं यायचं. बायका ताटं वाढायच्या. ही पोरगी ताटाम्होरं बसून ऱ्हायची, गुडघं जवळ घिऊन. हात लावायची न्हाई. बायका म्हणायच्या, तिला आपलं जेवान जात न्हाई. वाट बघून ताट उचलून न्ह्यायच्या. इजय दिसभर कार्याच्या धावपळीत. आन् मी आतल्या खोलीत, भितीकडं त्वांड करून. मला घासच जात न्हवता. संध्याकाळी कवातरी अर्दी भाकरी खायचो, तीबी एकटाच."

त्यांनी मिटलेलं पुस्तक मांडीवर ओढलं.

"ती माझी वाट बघत व्हती, मास्तर. मी जेवलो न्हाई म्हणून ती जेवली न्हाई. आन् मी म्हणतोय, माझ्या गोदामावर कुणी उपाशी ऱ्हायला न्हाई."

आम्ही दोघं अंधार पडेपर्यंत तसेच बसलो. फोन करून तिला सांगा, असं मी शेवटी म्हणालो. आप्पांनी मान हलवली. "जेवान फोनवर इचारत न्हाईत. ताट म्होरं पायजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी कबुतरं उडाली. मी आरशासमोर हातात वस्तरा घेऊन उभा होतो आणि मला खरोखर बरं वाटलं.

वर्षश्राद्धाला विजय आणि सूजिन आले. मला वाटलं होतं, सून म्हणजे कोणी मोठी धीट बाई असेल. ती बारीकशी, साडीची किनार मुठीत धरून चालणारी मुलगी होती. दोघं उतरल्यापासून आप्पा तिच्यासमोरून नुसते ये-जा करत होते. एकदा टाकीपर्यंत जाऊन रिकामी बादली घेऊन आले. मी खुणेने विचारलं, कधी? त्यांनी खुणेनेच सांगितलं, ताट.

विधी झाले, पंगत बसली. बायकांच्या ओळीत सूजिन शेवटी बसली. भात, आमटी, वडे, खीर, सगळं वाढून झालं आणि बाकीच्या जेवू लागल्या. ती मात्र हात मांडीवर ठेवून तशीच बसली होती. एक काकी म्हणाली, "न्हाई जात तिला," आणि ताटाकडे हात करू लागली.

तेवढ्यात आप्पा आले. हातात स्वतःचं वाढलेलं ताट. बायकांच्या पंगतीत ते सरळ तिच्यासमोर मांडी घालून बसले. सगळ्या घासासकट थांबल्या. वर्षभर मलकापूरची कबुतरं उडवणारा तो आवाज त्या दिवशी इतका हळू निघाला की मला ओठांवरूनच ओळखावा लागला. "पाब मॉगॉस्सॉ?"

तिने वर बघितलं. आप्पांनी भाताचा घास उचलला, तिला दिसेल असा जरा वर धरला आणि तोंडात घातला. मग तिने घास घेतला. दुसरा घेतला. आणि तिसऱ्यानंतर ती बोलायला लागली.

'व्हय' नाही आणि 'न्हाई'ही नाही. ती बोलतच राहिली. आधी हळू, मग भरभर, मधेच डाव्या मनगटाने डोळे पुसत, उजव्या हाताने ताटाकडे, आतल्या खोलीकडे, भिंतीवरच्या आक्कांच्या फोटोकडे दाखवत. वर्षभर साठलेलं सगळं त्या पोरीने सासऱ्यापुढे ओतलं. विजय मधे येऊन मराठीत सांगू लागला तसा आप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते एक घास खात, मान हलवत आणि ऐकत. आमटी निवली, खीर निवली, वाढपी ताटकळले. मी खांबाला टेकून उभा होतो आणि माझे डोळे भरून आले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

पुढे माझी बदली पलूसला झाली. इथला शेजार चांगला आहे, शांत आहे. सकाळी दाढी करताना दचकावं असं काही होत नाही आणि त्यामुळेच मला मलकापूरची ती भिंत रोज आठवते. वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी पाहुणे पांगल्यावर आप्पा त्या भिंतीशी येऊन उभे राहिले होते. चेहरा बघितला तर सुट्टी मंजूर झालेल्या जवानाचा.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"शबूद कळला न्हाई," आप्पा म्हणाले. "मधी मधी आक्का म्हणत हुती, तेवढं कळलं. पर पोटभर जेवली, मास्तर." मग त्यांनी घराकडे एकदा वळून बघितलं आणि आवाज खाली आणला. "आता ऐकाय शिकवणारं काय मिळतंय, त्ये बघा. सॅम्पल काढू."