मामांची दाढ आणि चौघांची युती

मुलगी मागायला माझ्याइतकं गोड बोलणारा मामा अख्ख्या कुमासी शहरात नाही. हे मी नव्हे, लोक म्हणतात. मी फक्त अधूनमधून त्यांना आठवण करून देतो. शनिवारी माझ्या भाच्याच्या, आन्त्वीच्या, लग्नाची बोलणी होती. दोन तासांचं भाषण तयार होतं. शुक्रवारी दुखरी दाढ काढली की तोंड मोकळं, असा माझा बेत.

"काही औषधं घेता का?" दातांच्या डॉक्टर न्यार्कोबाईंनी विचारलं.

"छे. औषधाला मी शिवत नाही."

त्यांनी तीनदा विचारलं, मी तीनदा तेच सांगितलं. दाढ निघाली. रक्त मात्र निरोप घेऊनही दारात तासभर बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखं आवरतं घेईना.

"खरं सांगा काका, काय घेता?"

"काहीच नाही हो. गुडघ्याला माशाचं तेल, रक्तदाबाला लसणीच्या कॅप्सूल, पोटाला आल्याचा अर्क. आणि बसमधला फेरीवाला आधी प्रार्थना आटोपून मग विकतो ना, त्या स्मरणशक्तीच्या, गिंको झाडाच्या पानांच्या गोळ्या. ही काय औषधं? झाडपाला आणि मासा."

"या सगळ्यांनी रक्त गोठायला वेळ लागू शकतो. एकेकटं कदाचित निभावलं असतं, तुम्ही चौघांची युती केलीत. स्मरणशक्तीच्या गोळ्या खाऊन नेमकं सांगायचं तेवढं विसरलात."

दोन टाके पडले, वर कापडाचा बोळा. चारही बंद, आणि उद्या तोंड उघडायचं नाही.

शनिवारी पांढरंशुभ्र वस्त्र पांघरून मुलीच्या घरी गेलो. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या फोसुआबाईंनी विचारलं, "कशासाठी येणं केलंत?"

मी हुंकार दिला.

"बघा, मामा भाव खातायत."

मला राहवेना. "तुमच्या बागेतलं फू..." बोळा निसटला आणि पांढऱ्यावर लाल थेंब ओघळले. लाल आमच्याकडे मयताला. मुलीच्या आत्या उठून उभ्या राहिल्या. "शुभकार्यात लाल? ही सोयरीक नको आम्हाला."

नवऱ्या मुलाने अशा वेळी बोलायचं नसतं. आन्त्वी बोलला. "मामांची दाढ काढलीय, त्यात ते नाही नाही ते गिळतात. मला सेरवा आवडते. तिला मी आवडतो. द्या ना ती मला."

फोसुआबाई हसत सुटल्या, मग आत्याही. पाच मिनिटांत होकार, अकराला पंगत. माझ्या भाषणानंतर तीनच्या आत आजवर कोणी जेवलेलं नाही.

धाकट्या भाच्याची बोलणी पुढच्या महिन्यात आहेत. काल बहिणीचा फोन आला. मी घसा साफ केला.

ती म्हणाली, "दादा, आणखी एखादी दाढ दुखतेय का रे?"