काशादादांचे काटे

काशादादांसमोर मीटरच्या काचेवर टिचकी मारली, की मारणाऱ्याची खैर नसते. गाडीचा काटा अडकला की सगळं जग हेच करतं. मीही केलं.

"तुझ्या कपालावर मारू का एक? अक्कल सुटते का बघू!"

हे त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य. ओळख ना पाळख. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणजे ओरडण्याचं काम माझं. त्या दिवशी मात्र एव्हरशाईन वसाहतीतल्या माझ्या घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनातच त्यांना सणसणीत उत्तरं देत राहिलो.

जूचंद्र गावात, स्वतःच्या घराच्या पडवीत बसून, काशादादा जुन्या गाड्यांचे अडकलेले काटे सोडवतात. वेगाचा, पेट्रोलचा, पाणी किती तापलं ते दाखवणारा. इंजिनाचं काही विचारलंत तर "मना कशाला सांगतंस? पुढं गॅरेज हाय!" म्हणून तुम्हाला रस्ता दाखवतात. सत्तरीचा माणूस, घरात एकटा. पडवीसमोर गाडी लावणाऱ्यांशी भांडण, पलीकडच्या इमारतीच्या वॉचमनशी भांडण, कुंपणाच्या भिंतीवरून सख्ख्या भावाशी अबोला.

माझी गाडी वडिलांची. तिचा पेट्रोलचा काटा अर्ध्यावर अडकून बसला होता. तो सुटावा म्हणून मी मीटरमध्ये शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं, आणि मूर्खासारखं ते काशादादांना सांगितलंही.

"भजी हाय का ती, तेलात सोडायला?" ते कडाडले. "तेलावर धूल बसते, धुलीनं काटा आजून चिकटतो. शिकवतंस काय पोरांना?"

काम करायला लागले की पंखा बंद. दोन चहाचे चमचे दोन बाजूंनी काट्याखाली सरकवायचे आणि काटा अलगद वर उचलायचा. खालची केसाएवढी दांडी बांबूच्या काडीने पुसायची. मग काटा पुन्हा बसवायचा, बरोबर रिकाम्या टाकीच्या रेघेवर. तोवर समोरच्याने बोलायचं नाही. मला शिंक आली तर म्हणाले, "शिंकायचा तर रस्त्यावर जा." मी गेलो. पन्नाशीचा माणूस, उन्हात उभा राहून शिंकून आलो.

काटा सुटला. सुरेख हलू लागला. पुढच्या रविवारी बहिणीकडे जेवायला निघालो, तर फुलपाड्याच्या ऐन चौकात गाडी बंद. काटा पाव टाकी दाखवत होता आणि टाकी ठणठणीत कोरडी. भर मे महिन्यात, दुपारी एक वाजता, मी गाडी ढकलत होतो आणि मागचे रिक्षावाले माझा उद्धार करत होते. बायको स्टिअरिंगवर बसून म्हणाली, "काढून टाका ही गाडी." पहिल्या दिवसापासून साठवलेली सगळी उत्तरं घेऊन मी दुसऱ्या दिवशी सकाळी जूचंद्रला थडकलो.

"तुमचा काटा खोटं दाखवतो!" मी पायरीवरूनच ओरडलो.

"माजा काटा?" त्यांचा चेहरा उतरला. मग माझ्या दुप्पट आवाजात म्हणाले, "काढ मीटर! आत्ताच्या आत्ता!"

चमचे आले. काटा उचलला, पुसला, बसवला. "बसला रेघेवर. बघ."

मी पाहिलं. काटा रेघेपासून चांगला दोन तांदळाच्या दाण्यांइतका लांब होता. "नाही बसला."

"बसला!"

"अहो दादा, नाही बसला! रेघ इकडे आहे!"

त्यांनी पुन्हा बसवला, नाक तबकडीला टेकेपर्यंत वाकून. पुन्हा चुकला. तिसऱ्यांदा तर काटा दांडी सोडून शेजारच्या स्क्रूवर ठेवला. ते वर बघायला लागले तेव्हा मला दिसलं, दोन्ही बुबुळं दुधाळ झाली होती.

तबकडीला ओरखडा पडू नये म्हणून चमच्यांखाली घडी घातलेला एक कागद होता. मी तो ओढला. डोळ्यांच्या दवाखान्याचा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा फॉर्म. मोठ्या वाकड्या अक्षरात नाव, गाव, वय भरलेलं. एकच जागा रिकामी होती: सोबत येणाऱ्या व्यक्तीचं नाव.

"हा कधीचा?"

"दिवालीचा."

"मग गेला का नाहीत?"

"सोबत मानूस लागतो बोलले. कुठून आनू?" ते चमचे पुसत राहिले. "ज्याला विचारायचा, त्याच्याशी आदीच भांडलोय मी."

मला असा संताप आला की काय सांगू! सहा महिने. दुसऱ्यांच्या गाड्यांतली धूळ काढताना मला शिंकू न देणारा हा माणूस, स्वतःचे डोळे विझू देत इथे बसला होता. नववीच्या वर्गाला झापतो तसं मी त्यांना झापलं. हे हातचं काम गेलं तर दिवसभर भिंतीशी भांडणार का, असंही विचारलं. ते मान खाली घालून ऐकून घेत होते, आणि त्याने मला आणखीच राग येत होता. शेवटी खिशातून पेन काढलं आणि त्या रिकाम्या जागेत माझं नाव लिहिलं.

पुढे आणखी एक रकाना होता.

"नातं काय लिहू?"

"गिऱ्हाईक लिव!" ते खेकसले. मग चमचे खाली ठेवले. म्हणाले, "नायतर तुला काय लिवायचा ता लिव. पन मंग खोडू नको."

मी लिहिलं, कागद फाटेल इतकं दाबून.

"काय लिवलास?" त्यांनी कागदावर वाकून विचारलं. त्यांना दिसत नव्हतं.

"भाचा," मी म्हणालो.


त्यांनी कागद माझ्या हातून घेतला आणि त्या शब्दावर बोट ठेवायला गेले. बोट शेजारच्या रकान्यावर पडलं. मी ते उचलून नीट जागेवर ठेवलं.