भिकाजीपंतांची धुगधुगी

एखादी गोष्ट मरायला टेकली की भिकाजीपंतांना तिच्याविषयी प्रेमाचं भरतं येई. धडधाकट वस्तूकडे ते ढुंकून बघत नसत. अंगणातली तुळस हिरवीगार होती तोवर तिला त्यांनी कधी तांब्याभर पाणी घातलं नाही. ती वाळून काटक्या झाल्यावर मात्र तिच्यापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "धुगधुगी आहे हो! अजून धुगधुगी आहे!"

ठाण्याच्या कचेरीत आम्ही दोघंही कारकून. घरं शेजारी, म्हणून जाणंयेणं बरोबरच. वाटेत पंत मला मरणोन्मुख गोष्टींची यादी ऐकवत. जुनी काव्यं, उत्सवातली ललितांची सोंगं, भिंतीवरची चित्रं, झालंच तर पगडी बांधायची रीत. साहेबाच्या राज्यात हे सगळं रसातळाला चाललंय आणि ते सावरायला देवाने खास भिकाजीपंतांना धाडलंय, असा एकूण सूर असे. त्यासाठी त्यांनी पुनरुज्जीवन सभा काढली होती. पंत धरून सभासद पाच. दोघे फराळासाठी येत, एक डुलकी काढायला येई, आणि मी शेजारी म्हणून.

कचेरीला निघताना पंत उंबऱ्याशी थांबून दोनदा खोकत. ती खूण यमूसाठी. पंतांची बायको निवर्तलेली, घरात ते आणि ही एकुलती एक मुलगी. ती अकराव्या वर्षी विधवा झाली होती. कामाला निघताना विधवेचं तोंड दिसू नये, म्हणून खोकला ऐकला की ती माजघरात सरे. आठ वर्षं मी तो खोकला ऐकत होतो. त्यात काही वावगं आहे हे मलाही जाणवेनासं झालं होतं.

माझा मावसभाऊ कल्याणला शाळामास्तर. बायको बाळंतपणात गेलेली, विचार सुधारकी. त्याने माझ्याकरवी यमूला मागणी घातली. वाटेतल्या तळ्याकाठी चालता चालता मी ते भीत भीत पंतांच्या कानावर घातलं. ते जागच्या जागी थांबले.

"अहो, ग्रामण्य होईल! वाळीत टाकतील. सभेला मग कोण येईल?"

"पंत, मुलगी एकोणीस वर्षांची आहे."

"झालं गेलं उकरू नये."

हे पुनरुज्जीवन सभेचे अध्यक्ष! मला हसू आलं नाही, चीड आली. पण मीही गप्प बसलो. वाळीत मलाही पडायचं नव्हतं.

पुढे वर्षभराने पंतांना नवं खूळ लागलं. खाडीपलीकडे कळव्याला आगरी लोकांची लग्नं बायका गाणी म्हणून लावतात, असं कचेरीतल्या शिपायाने त्यांना सांगितलं. गाणी म्हणजे धवले, आणि गाणारी ती धवलारीण. झालं! पंतांना त्यात धुगधुगी दिसली. रविवारी हिराय नावाच्या धवलारणीला त्यांनी बोलावणं धाडलं. ओटीवर गाद्या घालून सभा बसली. हिरायला बसवलं खाली अंगणात, वाळक्या तुळशीपाशी.

"बाई, तुमची ही कला मरत चालली आहे," पंतांनी वही उघडत सुरुवात केली. "आम्ही तिचं पुनरुज्जीवन करणार."

"मरतं? कोन बोलला?" हिराय म्हणाली. "परवाच दोन लग्ना लावली मी."

"बरं, बरं. म्हणा एखादा."

"मांडव नाय, नवरी नाय. धवला बोलू कोनाला?"

पंतांनी पुष्कळ समजावलं. हिराय ढिम्म. एवढ्यात यमू तिला प्यायला पाणी घेऊन मागल्या बाजूने अंगणात आली. हिरायने तांब्या घेतला आणि मनगटही धरलं.

"ही बसंल. बस गो बाय."

"अहो, ती..." पंत चाचरले. "तिचा नवरा वारला आहे."

"मंग? आमचेत दुसऱ्यांदा पाट लावतान." तिने यमूच्या डोक्यावरून हात फिरवला. "नाव काय तुजा?"

यमूने वर ओटीकडे पाहिलं. पंतांनी वहीत डोकं घातलं. ती बसली आणि हळूच म्हणाली, "यमुना."

"शिव शिव!" करत फराळवाले दोघे उठून गेले. हिरायने गाणं धरलं. धवल्यात नवरीचं आणि तिच्या बापाचं नाव घालायची रीत असते, हे आम्हाला कुठे ठाऊक! मांडवाचे खांब रोवले गेले ते भिकाजीबापाच्या दारी. हळद फुटली ती यमुनेसाठी. लेकीला हळद लागताना बघून भिकाजीबाप खांबाआड जाऊन रडला, असंही त्यात आलं. यमू तांबड्या अलवणाचा पदर तोंडात धरून बसली होती. पंतांचा बोरू दौतीत बुडालेला होता तो तसाच राहिला. गाणं संपलं तेव्हा वहीत एक अक्षर नव्हतं.

आठवडाभर पंत वाटेत एक शब्द बोलले नाहीत. मग तळ्याकाठी, त्याच जागी थांबले.

"तुमचे ते कल्याणचे मास्तर... अजून विचारतात का?"

"त्यांचं लग्न झालं पंत. माघात."

ते पाण्याकडे वळले. "घरात सगळं जिवंत होतं हो," म्हणाले. "मलाच मेली सवय, धुगधुगी शोधायची."

मला त्यांची कीव आली, आणि माझी लाज वाटली. वर्षभरापूर्वी मी जरा रेटून बोललो असतो तर, हा विचार अजून माझी पाठ सोडत नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दाराशी उभा राहिलो. खोकला ऐकू येईना. पंत उंबऱ्यात आले, मागे ओटीवर यमू उभी होती. कुठे सरावं हे तिला कळत नव्हतं. पंतांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं, नीट पाहिलं.

"येतो हं, यमू," म्हणाले.

पुनरुज्जीवन सभेच्या हातून झालं ते एवढंच. सभा पुन्हा भरली नाही.