बिनतारी तात्या

बिनतारी तात्यांच्या घरात बोलणं संपलं की 'ओव्हर' म्हणावं लागतं. आम्ही बारामतीत त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, त्याच दिवशी मी विरजण मागायला खाली गेले. तात्या खुर्चीत बसून माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी परत विचारलं, तरी तेच. मग शांतपणे म्हणाले, "बाई, तुमचं बोलणं संपलं का न्हाय, ते आमाला कसं कळावं? ओव्हर म्हणा."

मी म्हटलं, तेव्हा विरजण मिळालं.

तात्या पोलिसांच्या बिनतारी संदेश विभागातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी वायरलेसच्या सेटसमोर गेली, निम्मी इंदापुरात आणि निम्मी बारामतीत. आपल्या विभागापुढं बाकीची सगळी पथकं त्यांना किरकोळ वाटत. श्वानपथकाचं कुत्रं माग काढतं, बॉम्बशोधकवाले पिशव्या हुंगतात, वाहतूकवाले शिट्ट्या मारतात. पण त्यांना निरोप कुणी दिला? हा प्रश्न ते कुणालाही विचारत. दाढी करता करता न्हाव्याला विचारत, गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही विचारत. "सेट बंद पडला तर कुत्र्याला कोण सांगणार कुठं जायचं ते?"

त्यांचे नियम सोपे होते. एका वेळी एकानंच बोलायचं. बोलताना समोर यायचं, कारण पाठमोऱ्या माणसाचा निरोप घेतला जात नसे. मोजकं बोलायचं. दोघं एकदम बोलायला लागले की तात्या पंजा वर करत आणि म्हणत, "चॅनेल मोकळं ठेवा." शिवाय आलेला प्रत्येक निरोप ते मोठ्यानं परत म्हणून दाखवत. मी सांगितलं की उद्या नळाला पाणी नाही, तर तात्या सुमनकाकूंकडं तोंड करून म्हणत, "उद्या नळाला पाणी न्हाय. ओव्हर." काकू मान हलवून म्हणत, "रॉजर." म्हणजे निरोप पोचला.

सुमनकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. गोऱ्या, ठेंगण्या, सदा हसऱ्या. नवऱ्याचा हा छंद त्या इतक्या निमूट कशा सोसतात, याचं मला नवल वाटे.

गल्लीला मात्र तात्यांची सवय झाली होती. भाजीवाली दारात येऊन "मेथी हाय, ओव्हर" अशी हाळी देई. माझ्या नवऱ्यानं तर ही पद्धत वर आमच्या घरातही आणून पाहिली. पण भांडणात 'ओव्हर' म्हणायला मी तयार नव्हते, त्यामुळं माझंच बोलणं चालू राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात तात्यांनी आम्हाला पळसदेवला नेलं. ते त्यांचं गाव. उजनी धरणाचं पाणी उतरलं होतं आणि त्यात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. पुतण्याच्या घरी पंधरा-वीस माणसं जमली होती. चूल पेटली होती, चिलापी माशांना मसाला लावणं चाललं होतं आणि सगळे एकदम बोलत होते. तात्या पंजा वर करून करून दमले. तिथं त्यांना कोण जुमानणार? पुतण्याची बायको तर तोंडाला पदर लावून हसत होती. काकू कोपऱ्यात बसून सगळ्यांबरोबर हसत होत्या. कधी जरा उशिरा, कधी सगळ्यांच्या आधीच.

ऊन कलल्यावर आम्ही देऊळ बघायला निघालो. धरणाची जमीन वरून भेगाळलेली होती, पण पाण्याजवळ ओला गाळ होता. पुतण्यानं निघतानाच सांगितलं होतं की डाव्या अंगाला जाऊ नका, मागच्याच आठवड्यात तिथं एक म्हैस रुतली होती. काकू सगळ्यांच्या पुढं होत्या. बगळे बघत बघत त्या नेमक्या डावीकडं वळल्या.

पुतण्या ओरडला. मग मी, माझा नवरा, सगळेच ओरडलो. काकू चालतच राहिल्या. वारा आमच्याकडून त्यांच्याकडं वाहत होता, तरी त्यांनी मान वळवली नाही.

तात्या ओरडले नाहीत. ते पळत सुटले. पाणी प्यायलासुद्धा खुर्चीतून न उठणारा तो माणूस धोतर एका हातात धरून असा पळाला, की आम्ही बघतच राहिलो. एक चप्पल मागं राहिली. ते काकूंना वळसा घालून पुढं गेले आणि त्यांच्यासमोर उभे राहिले. तात्यांचेच पाय घोट्यापर्यंत गाळात गेले होते. आम्ही जवळ पोचलो तेव्हा ते धापा टाकत, पण एकेक शब्द सुटा करून काकूंना सांगत होते, "पुढं गाळ हाय. माघारी फिर. ओव्हर."

काकूंनी त्यांच्या ओठांकडं बघितलं आणि त्या म्हणाल्या, "रॉजर." मग त्यांचा हात धरून त्यांनीच तात्यांना बाहेर ओढलं.

परतताना तात्या माझ्यासोबत मागं राहिले आणि सांगू लागले. काकूंना ऐकू येणं हळूहळू कमी होत गेलं होतं. यंत्र लावून पाहिलं, पण त्यातून नुसता गलका ऐकू येई. हे कुणाला कळू नये, असं काकूंचं म्हणणं होतं. "बहिरं म्हटलं की लोक एकतर वरडत्यात, न्हायतर बोलायचंच सोडत्यात," तात्या म्हणाले. "त्यापरीस मला येडा म्हणू द्या."



पुतण्याच्या अंगणात पोचल्यावर मी काकूंशेजारी जाऊन बसले. तात्यांनी सांगितलं असणार, हे त्यांनी माझ्या तोंडावरून ओळखलं. मी त्यांच्यासमोर सरकून सावकाश विचारलं, की नोकरीत होते तेव्हाही तात्या घरी असंच बोलायचे का?

"कुठलं वं," काकू म्हणाल्या. "ड्युटीवरनं आलं की भिंतीकडं तोंड करून पडायचे. दिवसभर बोलून जीव विटलेला असायचा. मी आपली एकटीच बोलायची." त्यांनी पदराची गाठ चाचपली. "आता सकाळपासनं समोर बसून समदं सांगत्यात. कोण गेलं, कोण आलं, मांजर कुठं हाय. मला ऐकू येत असतं, तर कशाला बोलले असते?"

तेवढ्यात तात्या ताटलीत माशाचे दोन तुकडे घेऊन आले. काकू पदराची गाठ सोडत होत्या, त्यांचं लक्ष नव्हतं. तात्यांनी हाक मारली नाही. गरम ताटली या हातातून त्या हातात घेत, काकू मान वर करेपर्यंत ते तसेच उभे राहिले.