शेवटचं रीळ

काष्टीच्या बाजारतळावरच्या सत्तारच्या हॉटेलात एकच बाक होता, चार माणसांचा. कारभारी येऊन बसला की त्यावर एकच माणूस उरे. बाकीचे उभ्याने चहा पीत. निम्म्या गावावर त्याने बांधावरून दावे लावले होते. मयतीच्या घरीही तो बांधाचाच विषय काढी.

बहात्तरच्या जानेवारीत गावात तंबूतला सिनेमा आला. नायक दारुडा, भांडखोर, आईला घराबाहेर काढणारा.

"मर की मुडद्या!" बायकांच्या बाजूने गोजरबाई ओरडली.

"जेवला का म्हनून येकानं तरी इचारलं का त्याला?" कारभारी बोलला.

"तुमचा पाव्हना हाय व्हय?" आसारामने विचारले. त्याच्यावरचा दावा तिसऱ्या वर्षात होता. तंबू खदखदून हसला.

कारभारीने हा सिनेमा नगरला कोर्टाच्या तारखेला गेला असताना पाहिला होता. शेवटच्या रिळात नायक मरतो आणि तिरडीला खांदा द्यायला कोणी येत नाही.

मशीन एकच, त्यामुळे दर रिळानंतर खेळ थांबे. कारभारी मशीनजवळच बसला होता, रिळांचे डबे हाताशी. एका खोळंब्यात त्याने शेवटचा डबा ओढला, त्यावर बसला आणि धोतर नीट पसरले.

डबा सापडेना तेव्हा एकच कालवा झाला. तंबूच्या मालकाने बैलगाडी धुंडाळली, लोकांची घोंगडी झटकली, गोजरबाईलासुद्धा उभे केले. कारभारीच्या जवळ जायची कोणाची इच्छा नव्हती, म्हणून त्याच्याखाली कोणी पाहिले नाही.

"मागच्या गावाला ऱ्हायला वाटतं," मालक म्हणाला आणि खेळ संपला. पांगापांग झाल्यावर कारभारीने डबा मशीनखाली सरकवला. सकाळी तंबू पुढच्या गावाला गेला.

संध्याकाळी आसाराम हातात कपबशी घेऊन बाकाजवळ घुटमळला.

"तुमी नगरला बघितलाय म्हनं. मेलं का ते शेवटी?"

"बस. उभ्यानं सांगन्यासारखं न्हाई."

आसाराम कडेला टेकला. त्याला टेकलेला पाहून आणखी दोघे आले, मग एक.

"मेला," कारभारी म्हणाला.

"बरं झालं. खांद्याला कोन हुतं?"

कारभारी बशीत पाहत राहिला. चहा निवला होता.

"सारं गाव आलं. तिरडीला हात लागंना, इतकी मानसं."

"आईबी?"

"आई सगळ्यांच्या म्होरं."

"जरा सरका की," मागून आलेला म्हणाला. सत्तारने सगळ्यांना पुन्हा चहा दिला. चार माणसांच्या बाकावर सहा जण बसले होते.